एल अक्षराचा रकाना

राग शांत झाला की लिही, असं घरात सगळे म्हणाले. दोन वर्षं थांबले. तो काही शांत होत नाही, म्हणून आता रागातच लिहिते.

माझी नात, म्हणजे मुलाची मुलगी. बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत तिला पर्सेंटाइल चांगलं पडलं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे तिनंच मला शिकवलं. शंभरातली किती पोरं आपल्या मागं राहिली, त्याचा तो आकडा. तिला पुण्यातलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज पाहिजे होतं. अकरावीपासून दुसऱ्या कॉलेजचं नाव तिच्या तोंडात नव्हतं.

पुण्यापासून लांब आमच्या गावात, मंगळवार पेठेत, एक सर बसतात. पोरांचा आकडा बघून कुठं किती चान्स आहे ते सांगायचं आणि सरकारी फॉर्मवर कॉलेजांची यादी क्रमानं लावून द्यायची, हे त्यांचं काम. माझा मुलगा नातीला घेऊन निघाला, तशी मीही चप्पल घातली.

सर मला बघून म्हणाले, "या की मावशी. तुम्ही पण इंजिनिअर व्हणार काय?"

"व्हतो की. जागा हाय काय, तेवढं सांगा."

पुण्यामुंबईच्या माणसांना हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडं बायकाही बोलताना 'जातो, येतो' म्हणतात. लिहिताना मी 'जाते' लिहिते, तेवढं वाचून वाचून शिकलेय. शाळा माझी चौथीला सुटली. पुढचं सगळं मिळेल त्या कागदावरून आणि इंग्रजी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून.

नात म्हणाली, "सर, पुण्याचं सरकारी मी पहिल्या नंबरला टाकतो."

"पुण्यात 'टाकतो' म्हणलीस तर अख्खा वर्ग हसंल."

"हसू देत की. मी पण हसतो."

सर हसले नाहीत. गेल्या वर्षीच्या कटऑफचा गठ्ठा त्यांनी ओढला आणि एका आकड्यावर पेन टेकवलं. "हे बघ. इतक्यावर बंद झालंय. तू खाली हाईस. चान्स न्हाय. पर्याय वाया घालवू नको, हितलं जवळचं पहिलं टाक, सेफ."

मी शेजारीच होते. चष्मा सारखा करून वाकले. त्या आकड्याच्या डोक्यावर इंग्रजी जी होता. त्याच ओळीत, जरा पलीकडं, एल होता आणि एलखालचा आकडा नातीच्या आकड्यापेक्षा कमी होता.

"सर, ह्यो दुसरा आकडा कमी हाय की."

"ते तुमच्या कामाचं न्हाय मावशी. चहा घ्या."

मी मुलाकडं बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. नातीनं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. शिकलेला माणूस सांगतोय, आपण चौथी शिकलेली बाई काय बोलणार, असं वाटलं मला आणि मी चहा घेतला. पुण्याचं कॉलेज यादीतनं गेलं. तिथल्या तिथं फॉर्म भरून पक्काही झाला.

पहिली यादी लागली आणि तिला ते जवळचं, बसनं तासाभरावरचं खाजगी कॉलेज मिळालं. नियम असा होता, की पहिल्याच राऊंडला पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की प्रवेश तिथंच फ्रीझ. पुढच्या राऊंडला जाताच येत नाही. आणि पुण्याचं वर टाकलं असतं, तरी वाया काहीच जाणार नव्हतं. ते मिळालं नसतं तर आपोआप खालचं बघितलं गेलं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या माणसाला माहीत होतं. त्याचा धंदाच तो.

संध्याकाळी नात स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसली. मोबाइलवर पुण्याच्या कॉलेजची यादी काढली होती. "आज्जी, एल म्हंजे लेडीज. मुलींसाठी राखलेल्या जागा. जी म्हंजे सगळ्यांसाठीच्या." मग बोटानं दाखवलं. यंदा तिथं एलमधून लागलेल्या शेवटच्या मुलीचा आकडा माझ्या नातीपेक्षा कमी होता.

"तू विचारलं हुतंस की," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी गॅस बंद केला आणि तशीच सरांकडं गेले. समोर दोन-तीन आईबाप बसले होते. बरंच झालं, त्यांनाही ऐकू दे.

"पावणं, एल म्हंजे काय वो?"

सरांनी ओळखलं. "मावशी, आत या, बसून बोलू."

"न्हाय, हितंच. पोरीची जागा बघताना तुम्ही पोरींचा रकाना का सोडला? आमच्या पोरी 'मी जातो' म्हणतात म्हणून त्यांस्नी पोरगं समजला काय?"

कुणीतरी खुदकन हसलं. सरांना ते लागलं. आवाज चढवून म्हणाले, "मी कुठल्याच मुलीला एल धरत न्हाय. धरला की लांबचं कॉलेज लागतंय, मग बाप येऊन माझ्याशी भांडतोय. जी धरला की पोरगी जवळ ऱ्हाती, घर खूश. आणि माझ्यावर का वरडताय? तुमच्या मुलानंच फोन केलता आदल्या दिवशी. सर, पोरगी पुण्याला जाईल असं काय करू नका, म्हणून."

मला वाटलं होतं चूक झाली. चूक असती तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथं रीतच होती. पेठेतल्या किती पोरींना या माणसानं 'चान्स न्हाय' सांगितलं असेल, आणि त्या सगळ्या आपणच कमी पडलो म्हणून मान खाली घालून गेल्या असतील. तिथं बसलेल्या बापांपैकी एकानंही मान वर केली नाही.

मुलगा वर्कशॉपमधून आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"फोन केलतास?"

त्यानं न्हाय म्हटलं नाही, तेवढं एक. "आई, काळजी वाटती की गं. तिथं कोण हाय आपलं?"

"मग तिला सांगायचं तसं. 'मी पाठवत न्हाय' म्हणायचं. चान्स न्हाय म्हणून का सांगाय लावलंस? तिचं डोकं कमी हाय असं तिला वाटलं रे, महिनाभर."

"सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं काय?"

नात माझ्या मागं कधी आली कळलं नाही. ती म्हणाली, "न्हाय ऐकलं असतं. भांडलो असतो मी. पण पप्पा, भांडायला तरी मिळालं असतं."

दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉप बंद ठेवून प्रवेशाच्या केंद्रावर गेला. काही करता येतं का, म्हणून तीन खिडक्या हिंडला. परत येऊन डबा न उघडता तसाच ओट्यावर ठेवला.

आता ती त्याच जवळच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मार्क चांगले पडतात. ते पडणारच होते. सकाळी तिचा बाप गाडी बाहेर काढून उभा राहतो, स्टँडवर सोडायला. ती त्याच्या शेजारून चालत निघून जाते. तो मग माझ्याकडं बघतो, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी बोलत नाही. बोलायचं होतं त्या दिवशी मी बोलले नाही, आता त्याच्या बाजूनं कशाला बोलू?