हिंडणारी पानथरी

डॉक्टर उमाटे लेकरांचं पोट डोळे मिटून तपासत. आधी तळवे चोळून ऊन करायचे, मग पोटावर हात ठेवून असे गप्प बसायचे की बघणाऱ्याला वाटावं, लागली यांना डुलकी. दुखऱ्या पोरीला घेऊन आर्वीहून एसटीनं वर्ध्याला यायचं आणि डॉक्टर झोपलेला! माझं तर डोकंच फिरलं.

सात वर्षांच्या माझ्या ओवीचं पोट मधूनच दुखे, मधूनच थांबे. कुणी जंत म्हणालं, कुणी शाळेचा कंटाळा. सोनोग्राफीत ओटीपोटात गाठ दिसली आणि मी ओवीला घेऊन वर्ध्याची एसटी धरली. सोबत आलेल्या सासूबाईंचं मात्र डॉक्टरांपुढेही एकच पालुपद, बेंबी सरकली. मी त्यांना गप्प करायची.

डॉक्टरांनी ओवीला कुशीवर वळवलं, तशी गाठही हळूच वळली. बोटांनी अलगद तिला त्यांनी डावीकडे वर, बरगडीखाली नेलं. ती निमूट गेली. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन येत होतं, ओवी पेंगत होती, आणि हा माणूस जणू तिच्या पोटातल्या कुणाला तरी घरी पोचवत होता.

"आजी अर्ध्या बरोबर हायेत," ते म्हणाले. "सरकलं हाये. पण बेंबी नाई, पानथरी."

पानथरी म्हणजे प्लीहा. तिला जागेवर धरणारे बंध ओवीला जन्मापासूनच नव्हते, म्हणून ती पोटात हिंडायची. तिच्या रक्तवाहिन्यांच्या देठाला पीळ पडला की दुखायचं. पुढच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं. पण ऑपरेशनची तारीख यायच्या आधीच पीळ घट्ट बसला आणि ओवीला तातडीनं ऑपरेशनला घ्यावं लागलं. आत प्लीहा मेली असेल तर काढावी लागणार, आणि मग जंतूंशी लढायला ती नाही म्हणून साध्या तापालाही जन्मभर भ्यायचं. जिवंत असेल तर जाळीच्या पिशवीत घालून जागेवर टाचता येणार.

बाहेर बाकावर मला वेळच कळेना. भिंती, नर्सा, चहाचे कप, सगळं पाण्याखालून दिसावं तसं. सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

डॉक्टर घामेजून बाहेर आले. प्लीहा काळीनिळी निघाली होती. मदतीचा डॉक्टर काढू म्हणत होता. यांनी पीळ सोडवला, तिच्यावर कोमट ओलं कापड ठेवलं आणि नुसते उभे राहिले. हळूहळू कडेनं लाली चढत गेली. मग ती जागेवर टाचली.

"काढून टाकाची घाई कायले?" ते म्हणाले. "काढलेलं कोनी वापस लावून देत नाई, बाई."

मी त्यांच्या पाया पडले आणि वर भांडलेही, की आतून एखादा निरोप तरी धाडायचा!

डॉक्टर गेल्या वर्षी गेले. ओवी सायकलनं शाळेत जाते, आजीशी वाद घालते, पावसाळ्यात तापानं पडते आणि उठतेही. तिची प्लीहा तिच्यापाशीच आहे.