डेकरांचं कौल

एलेमार डेकरने पस्तीस वर्षं बुटांच्या कारखान्यात टाचा चिकटवल्या आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून तो घराण्याचा इतिहासकार झाला. डेकर म्हणजे जर्मनीत घरांवर छप्पर घालणारे, एवढं त्याला आजोबांकडून कळलं होतं. पुढची चारशे वर्षं त्याने स्वतःच्या हिमतीवर भरून काढली. इंग्लंडातही डेकर असतात, असं कोणी म्हणालं, की तो सांगे, "असतील. आपल्यातलेच कोणी कामाला गेले असतील."

जर्मनीहून आलेले डेकर दक्षिण ब्राझीलमध्ये ज्या टेकडीवरच्या गावात वसले, तिथे दर दोन वर्षांनी, चर्चच्या सभागृहात, तीनशे डेकर जमत. सगळ्यांच्या अंगात पिवळे सदरे, छातीवर शिडीचं चित्र. कोणी दातांचा डॉक्टर, कोणी बसचालक, कोणी कोंबड्यांचा व्यापारी. छपराशी संबंध म्हणाल तर सगळे त्याच्याखाली झोपत. परंपरेला जरा पुरावा असावा म्हणून एलेमारनेच नियम काढला होता: मेळाव्याच्या नव्या अध्यक्षाने सभागृहावर चढून स्वतःच्या नावाचं एक कौल बसवायचं. चार अध्यक्षांनी बसवलं. एलेमार खालून शिडी धरी. स्टुलावर चढलं तरी आपल्याला घेरी येते, हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं.

यंदा अध्यक्ष तोच झाला.

"जमत नसेल तर सांग," चुलतभाऊ लाउरो म्हणाला. "मी आहेच. चढला नाही तो अध्यक्ष नाही, नियम तुझाच."

"मी नाही म्हटलंय का?"

"पोटात दुखतंय म्हण," एलेमारची बायको इल्गा पुटपुटली. "पुढचं मी बघते."

"डेकराचं पोट दुखत नसतं."

"मग जा. आणि ते कौल घेऊन जा, रिकाम्या हातानेच निघालायस."

डोळे मिटून तो चढला. उघडले तेव्हा छपरावर होता, आणि उतरणं मात्र आता शक्य नव्हतं. खाली मांस भाजलं गेलं, वाढलं गेलं, केकही संपला. शेवटी इल्गाने गावातल्या वाल्दोमिरोला बोलावलं. छपरं दुरुस्त करणारा गावात तो एकटाच, आडनाव सिल्व्हा. दोर घेऊन तो सहज वर आला.

"वाल्दोमिरो, आधीच्या अध्यक्षांची ही चार कौलं..."

"उलटी आहेत, काका. तिथूनच गळतं. सुलटी करतो म्हटलं, तर पाद्री म्हणाले, नावं आहेत, हात लावू नकोस. म्हणून दर पावसाळ्यात डांबर फासतो. द्या तुमचं."

"नको. मान माझा आहे."

एलेमारने कौल बसवलं. खाली टाळ्या पडल्या. लाउरोने फोटो काढला.

"बसलं का नीट?" एलेमारने हळूच विचारलं.

"उलटं बसलं."

एलेमारने वर मान केलेल्या तीनशे पिवळ्या सदऱ्यांकडे एकदा पाहिलं, आणि लगेच डोळे मिटले.

"राहू दे," तो म्हणाला. "आता काढलं तर सगळ्यांना दिसेल."

"बरं," त्याच्या कमरेला दोर बांधत वाल्दोमिरो म्हणाला. "डांबर जरा जास्त आणावं लागेल."