जाळीतला माणूस

ती बोरमाळ आजही आठवते, जरी मी ती कधी पाहिली नाही. लोणावळ्यालगतच्या औंढे गावाजवळ शेताकडे निघालेल्या एका साठीच्या मावशींच्या गळ्यातून दुचाकीस्वाराने ती ओढून नेली. तपास माझ्याकडे होता. खबऱ्याने तशीच लाल दुचाकी वापरणाऱ्या तरुणाचे नाव दिले. तो लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्या धूत असे.

तीन दिवसांच्या चौकशीत त्याचे उत्तर बदलले नाही. त्या वेळी गाडी धूत होतो, एवढेच. कोणाची, ते सांगता येईना. माळही मिळाली नाही. खोटे बोलणारा सहसा तपशील वाढवतो. हा वाढवत नव्हता. मी तिकडे दुर्लक्ष केले, आणि पुढे तुरुंगातल्या ओळख परेडमध्ये मावशींनी रांगेतून क्षणात त्याच्यावर बोट ठेवले तेव्हा माझी खात्रीच पटली.

पुरवणी जबाब घेताना मी सवयीने विचारले, इतक्या लवकर कसे ओळखले?

"वळखणार न्हाई व्हय? कोर्टात जाळीत उभा हुता की त्यो. मी समोरच्या बाकावर हुते."

'चोराला आज हजर करणार' असे आमच्याच हवालदाराने त्यांना कळवले होते. परेड होईपर्यंत आरोपीचा चेहरा बुरख्याने झाकायचा असतो. पण कोर्टातल्या आरोपींच्या जाळीदार पिंजऱ्याला कुलूप लागताच हवालदाराने बुरखा काढून घडी घातली. आत गेला म्हणजे काम झाले, हा त्याचा समज.

"माळ ओढली तेव्हा तोंड दिसलं होतं का, मावशी?"

"कुटं दिसतंय? हेल्मेट हुतं. पन चोर न्हाई त्याला जाळीत कशाला कोंडत्याल, सायेब?"

लेखनिकाने पेन थांबवून माझ्याकडे पाहिले. मी शब्दशः लिहायला सांगितले. परेड निकामी झाली. एवढे लिहायची गरज काय होती, असे वरिष्ठांनी विचारले. आरोपीविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. तोवर त्याचे दोन महिने तुरुंगात गेले होते.

गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष, हे मावशींना कोणी शिकवले नव्हते. मला शिकवले होते. तरीही त्याला जाळीआड पाहताना मला कधी काही खटकले नाही.

सुटकेच्या दिवशी कोर्टात त्याचे नाव पुकारले. कोणी सांगितले नसताना तो पिंजऱ्यात गेला आणि दार स्वतःच ओढून घेतले. न्यायाधीशांना दोनदा म्हणावे लागले, "बाहेर या."