गावभर फिरलेली जाळी

“न्या की राव, पडूनच हाय,” हे आमचे डिंगोऱ्याचे एक गिऱ्हाईक इतक्या सहज म्हणायचे की मागणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. फवारणीचा पंप, शिडी, सतरंज्या, काहीही मागा. एकदा नवी कोरी छत्री कुणा अनोळखी पावण्याला देऊन स्वतः आमच्या दुकानाच्या पायरीवर भिजत बसले होते. मी हसलो, तर म्हणाले, त्याला लांब जायचं होतं.

ओतूरला आमचं शेतीच्या सामानाचं दुकान. शेततळ्यांना सरकारी अनुदान सुरू झाल्यापासून तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद धडाधड खपतो, भोवतीची तारेची जाळी मात्र खपत नाही. या भागात फिरला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, तळी चकचकीत आणि काठ उघडे. कुंपण असल्याशिवाय अनुदान नाही, हा नियम. कुंपण फोटोत दिसलं की भागलं, ही गावोगावची समजूत.

डिंगोऱ्याच्या या माणसानं मात्र जाळी रीतसर विकत घेतली. खरं तर ती घेतली त्यांच्या बायकोनं. जमीन तिच्या नावावर, अर्जही तिचाच. दुकानात येऊन तिनं जाळी दोन्ही हातांनी ताणून पाहिली. “शेठ, कागदावर पाय ठरत न्हाई. आदी जाळी, मग पानी,” एवढंच म्हणाली. तिच्याशी घासाघीस करायची माझी हिंमत झाली नाही.

अनुदान जमा झालं आणि लगेच शेजारी आले. त्यांच्या तळ्याची तपासणी होती, एका दिवसापुरती जाळी हवी होती. यांनी स्वतः जाळीचे लोखंडी अँगल उपटून दिले, वर ट्रॅक्टरमध्ये चढवायला हातही लावला. मग चुलतभाऊ आला, मग साडू. एका कोपऱ्यात वाकलेला अँगल होता, तो मला निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या मोबाईलमधल्या फोटोंत दिसायचा. आम्ही दुकानात त्यावर खूप हसलो. यांची बायको मात्र हसत नव्हती. जाळी परत लावा म्हणून ती रोज मागं लागायची, आणि हे म्हणायचे, येईल की, जातीय कुठं.

जाळी साडूच्या तळ्यावर होती तेव्हा यांची एक शेळी पाण्याच्या नादानं यांच्या उघड्या तळ्यात उतरली आणि घसरली. तिला ओढायला बायको वाकली. शेवाळलेल्या कागदावर माणसाला धरायला काहीच नसतं. हे बाजाराला आले होते. घरी पोचले तेव्हा लोक जमले होते. त्याच संध्याकाळी साडूनं जाळी आणून टाकली. यांनी त्याला शब्दानंही बोल लावला नाही.

मला त्यांचा राग आला होता, आजही येतो. इतक्या भल्या माणसावर रागवायचं कसं, ते मात्र कळत नाही.

नंतर ते ओतूरला येईनासे झाले. जाळी पुन्हा बसली होती. तिच्या दाराला कुलूप हवं म्हणून त्यांनी निरोप पाठवला, ते द्यायला मी गेलो. नेमकी कृषी खात्याची नवी बाई फेरतपासणीला आलेली. पोरगी बदली होऊन आलेली, तिला काही माहीत नव्हतं. जाळीभोवती एक फेरी मारून ती समाधानानं म्हणाली, काम छान आहे, मालकीणबाईंना बोलवा, फोटोत मालक आणि कुंपण दोन्ही लागतात.

मी मध्ये पडणार, तोच ते बोलले. आवाज नेहमीसारखाच मऊ.

“तवा मालकीण व्हती, बाई, तर जाळी न्हवती. आता जाळी हाय.”

तिचा मोबाईल खाली आला. मग तिला अवघडायला नको म्हणून तेच जाळीला पाठ लावून उभे राहिले, आणि फोटो काढा म्हणाले.