चोकचं बटण

वाटूर फाट्यावरच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलंच नाही. वडिलांची जुनी अँबेसिडर सारखी बंद पडायची आणि कार्बोरेटरचे सुटे भाग मिळेनात. म्हणून एका नव्या, अपघातात चेपलेल्या गाडीचं, कार्बोरेटर नसलेलं इंजेक्शनवालं इंजिन तिच्यात बसवायला आम्ही ती त्याच्याकडं नेली.

बॉनेट उघडायच्या आधी त्यानं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि वडिलांना म्हणाला, "काका, रोज चालू करता तशी एकदा करून दाखवा." वडिलांनी डॅशबोर्डवरचं चोकचं बटण अर्धं ओढलं, क्षणभर थांबले, मग चावी फिरवली. पेट्रोलचा वास सुटला. माझ्या शाळेच्या सगळ्या सकाळी त्याच वासाच्या. मिस्त्री मात्र इंजिनाकडं नाही, वडिलांच्या हाताकडं बघत होता.

महिन्याभरानं गाडी आणायला गेलो. नव्या इंजिनाला चोक लागत नाही, तरी चोकचं बटण जागच्या जागी होतं. ओढून बघितलं, तर पूर्वीइतकंच जड. मी विचारल्यावर तो हळूच म्हणाला, "आतून निस्ती स्प्रिंग लावली, इंजिनाला काहीच जोडलं न्हाई. इंजिन बदललं, पण काकाचा हात तर तोच हाय ना. त्यायला सांगू नका."

पेट्रोलचा तो वास आता येत नाही. पण वडील आजही चोक ओढतात, थांबतात, चावी फिरवतात. गाडी लगेच सुरू होते. मग माझ्याकडं बघून म्हणतात, "बघ, इंजिन कितीबी नवं आण, चोक ओढल्याबिगर चालू होत न्हाई."