लाल्याचा नमुना

तुमचा चहा निवण्याआधी माझी फजिती सांगून टाकतो. संशोधनात अचूकतेला पर्याय नाही, असे मी कनिष्ठांना बजावत असे. ‘असे’ हे भूतकाळातच घ्यावे!

माझा विषय सस्तन प्राण्यांच्या जनुकांची तुलना. वटवाघूळ, म्हैस, माणूस या सर्वांत जो तुकडा कोट्यवधी वर्षे फारसा बदलला नाही, तो काही महत्त्वाचे काम करत असावा, असा आमचा तर्क. ‘असावा’ हा शब्द मी सहसा गाळत नाही.

नमुने घ्यायला आर्णीजवळ काकाजींच्या गावी गेलो. कापसाचा भाव पडलेला. सगळा माल मधल्या खोलीत छतापर्यंत रचलेला. काकाजी म्हातारा बैल लाल्या बाजारात न्यायला निघाले होते, आणि त्यावरून काकूंनी त्यांच्याशी अबोला धरला होता.

लाल्याच्या तोंडातला नमुना घेऊन मी परतलो. निकाल आला आणि काय सांगू! तो तुकडा माणसाशी अक्षरन्‌अक्षर जुळत होता. मी ‘असावा’ विसरलो आणि थेट फोन लावला.

“काकाजी, लाल्या आणि माणूस एकच!”

“काय बोलून राह्यला बे?”

“या तुकड्यात तरी तंतोतंत!”

मागून काकूंचा आवाज आला, “ऐकलं? आता घरच्या मानसाले दावं लावून बजारात नेता का?”

लाल्याचे जाणे रहित झाले. पारावर चर्चा रंगली, “तरीच तो सरपंचावानी मान हालवते!” काकू पहिली भाकर त्यालाच देऊ लागल्या.

इकडे माझ्या मार्गदर्शक मॅडम निकाल पाहून मुळीच आनंदल्या नाहीत.

“नमुना कशाने घेतला?”

“निर्जंतुक बोळे संपले होते. घरचा कापूस काडीला गुंडाळला.”

“कसा? करून दाखवा.”

कान साफ करायच्या काडीला घरी कापूस गुंडाळतात तसे मी बोट जिभेला लावून कापूस वळला, आणि तिथेच थिजलो. कापसाला माझीच थुंकी! लाल्याने तर मान फिरवली होती. कापूस त्याच्या ओठाला जेमतेम लागला होता!

माझाही नमुना तपासला. लाल्याच्या म्हणून दिलेल्या नमुन्याशी बारीक खुणांसकट जुळला.

“अभिनंदन,” मॅडम म्हणाल्या, “हा बैल आपल्याच विभागात शिकतो.”

हसा खुशाल. पण माझी झोप वेगळ्याच कारणाने उडाली. खरे सांगावे तर लाल्या जातो; न सांगावे तर मी कसला संशोधक? शेवटी एसटीने गेलो आणि अंगणात उभ्यानेच सगळे सांगितले.

काकाजींनी विचारले, “म्हंजे लाल्याचं काईच तपासलं नाई?”

“नाही. त्याची पुष्कळशी जनुके आपल्यासारखी असतातच. पण त्यावरून त्याला विकावे की ठेवावे, हे ठरत नाही.”

“मंग कोन ठरवन?”

“मी ठरवीन ना!” काकू कडब्याची पेंढी टाकत म्हणाल्या. “इतके दिवस घरचा होता, आता एका कागदानं परका होते का? लाल्या कुठंच जात नाई.”

काकाजींनी लाल्याकडे पाहिले, काकूंकडे पाहिले. “बरं बाप्पा, राहू दे.” मग माझी हनुवटी धरली. “पन मी व्यापाऱ्याले जबान देऊन बसलो, बैल आनतो म्हून. कागदावर बैल हाच निघाला ना? दाखव लेका, दात दाखव!”

“राहू द्या जी,” काकू म्हणाल्या, “त्याले कोन घेते?”