चांगुणाने उपटलेली रोपं

माझी बायको चांगुणा मेली तेव्हा मी बांधावर खुर्चीत बसलो होतो. डोक्यावर कॉलेजने दिलेली पिवळी टोपी, समोर ओहोटीचा गाळ, आणि त्या गाळात पोरांनी लावलेल्या रोपांच्या वाळलेल्या काड्या. त्या काड्या राखायचं काम माझं. शेजारची सून, सरिता, धावत आली आणि लांबूनच ओरडली, "काका, चला लवकर, काकी उठंना!" मी म्हटलं, "पडली आसंल. उचल तिला, मी येतो." खोटं कशाला लिहू, मी आधी खुर्ची मिटली, साखळीने झाडाला बांधली, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि मग निघालो. घरी पोचलो तर ती ओट्याखाली भिंतीला टेकून बसलेली, तोंड थोडं उघडं, मांडीवर निवडायला घेतलेली माठाची भाजी. डॉक्टर म्हणाला, आत्ताच गेली. म्हणजे मी कुलूप ओढून बघत होतो तेव्हा ती... जाऊ दे.

आठ महिने चांगुणा माझ्याशी बोलत नव्हती. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, एक शब्द नाही. मी वाट बघत होतो. म्हटलं, म्हातारी किती दिवस ताणेल? तिने शेवटपर्यंत ताणलं. मला एक शब्द हवा होता, शिवी असती तरी चालली असती. तो मिळाला नाही आणि का मिळाला नाही ते मला पक्कं माहीत आहे. तेच लिहायला बसलोय. मी चौथी शिकलेला माणूस, वहीत लिहितो, नात टाइप करते. तिला सांगून ठेवलंय, आज्याचा एकही शब्द गोड करायचा नाही.

चांगुणा खाडीच्या पलीकडच्या काठाची. लग्न झालं तेव्हा आमच्याकडे भातशेती होती, मिठागरं होती, आणि सीवूड्स हे नाव कोणी ऐकलं नव्हतं. मग शहर आलं. जमीन गेली, मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेल्पर लागलो, आणि रिटायर होईपर्यंत 'ए, इकडे ये' एवढंच माझं नाव होतं. चांगुणाचं काही गेलं नाही, कारण तिचं शेत खाडीत होतं आणि त्या गाळाचे प्लॉट कोणाला पाडता आले नाहीत. ओहोटी लागली की साडी खोचून, टोपली घेऊन उतरायची. खुबे काढायची, म्हणजे गाळात वीतभर खाली बसलेले जाड शिंपले. ते डोळ्यांना दिसत नाहीत, तळपायाला कळतात. जिथे आपण मांडीपर्यंत रुतू, तिथून ती बाजारात फिरल्यासारखी फिरायची. मग स्टेशनबाहेर घमेलं मांडून बसायची. एकदा टॉवरमधल्या एका बाईने नाक दाबून विचारलं, "ताजे आहेत ना?" चांगुणा म्हणाली, "तुमच्यापरीस ताजं हायत, बाय." त्या बाईने ते घेतले आणि पुढच्या आठवड्यात परत आली. चांगुणाच्या तोंडाचा मार खाऊन माणसं परत यायची. मी तो मार जन्मभर खाल्ला, पण मनात साठवला. माझ्यात आणि त्या बाईत एवढाच फरक.

दोन वर्षांपूर्वी नेरुळकडच्या एका कॉलेजची पोरं आली. चाळीसेक असतील, पिवळे टी-शर्ट, हातमोजे, गमबूट, आणि पुढे त्यांच्या मॅडम. कांदळवन वाचवायचं, दर रविवारी खाडी साफ करायची. त्यांना सेवेचे तास भरायचे होते हे खरं, पण कामाला वाईट नव्हती. आम्ही ज्याला तिवर म्हणतो त्या झाडांच्या मुळांत अडकलेलं थर्माकोल, बाटल्या, गणपतीच्या मखराचे तुकडे, सगळं गोण्या भरभरून काढलं. गमबूट गाळात फसले की पोरं रडकुंडीला यायची आणि चांगुणा त्यांना बगलेत धरून उपसून काढायची. "बूट काढ आदी! पाय देवानं दिलाय तो काय शोला हाय का?" पोरं खिदळायची. तिला आजी म्हणायची. त्यांतली मृण्मयी, सगळ्यांची लीडर, आमच्या घरी येऊन तांदळाची भाकरी आणि खुब्याचं कालवण खायची. चांगुणा तिला म्हणायची, "खा गो, तुज्या आयनं नुसती बिस्किटं घालून वाढवलेली दिसते तुला." दोघींचं जमलं होतं. खाडीत वाकून काम करणारी पोरगी चांगुणाला आयुष्यात पहिल्यांदा भेटली होती, आमच्या पोरीला, लताला, तर चिखलाची किळस येते.

मग झाडं लावायचं ठरलं. मॅडमनी जागा निवडली ती बांधासमोरचा मोकळा गाळ. सपाट, उघडा, फोटोत मागे टॉवर येतात. चांगुणा बघून म्हणाली, "हितं नको. हितं भरतीचं पानी पुरुषभर उबं रातं. हितं झाड व्हायचं आसतं तं आपसूक झायलं नसतं का?" मग बांधाच्या टोकाला घेऊन गेली. तिथे आतल्या बाजूला पाणी जायची जुनी वाट कोणा बिल्डरच्या डेब्रिजने बुजली आहे आणि तिच्यामागची तिवरं सुकत चालली आहेत. "यो कचरा काढा. पानी आत गेला की बी त्याच्यासंगं जाईल. तुमाला लावायची पन गरज नाय." मॅडमनी ऐकून घेतलं, हसल्या, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काका, तुमचं काय मत?"

मी मिठागरात वाढलेला माणूस. पाणी कुठे बसतं, कुठे वाहतं हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ती बरोबर होती. तो मोकळा गाळ म्हणजे तिचं खुब्याचं शेत होतं हेही मला माहीत होतं. पण त्या मॅडम तिला सोडून मला विचारत होत्या. आणि आदल्याच रविवारी त्यांनी मला शाल घातली होती, 'कांदळवन रक्षक' छापलेली टोपी दिली होती, बसायला खुर्ची दिली होती. चाळीस पोरं मला 'काका, काका' करत होती. मी म्हटलं, "लावा की. बायकांचं काय ऐकता." चांगुणाने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि घरी निघून गेली.

रोपं लागली. हारीने, दोरी धरून, शाळेतली पोरं उभी करावी तशी. तिसऱ्या दिवशी एक हार गायब. मग दुसरी. पोरं म्हणाली भरतीने नेली, मॅडम म्हणाल्या म्हशी शिरल्या असतील. मृण्मयी दर रविवारी उरलेली रोपं मोजायची आणि डोळे पुसायची. मला कळलं ते आमच्या परसात. अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत ओली रोपं धुमसत होती. तिने लपवलीही नव्हती. मी ओरडलो तर म्हणाली, "माज्या शेतात कुनी खांब गाडले त मी काय आरती करू?" मग चुलीत आणखी एक रोप सारलं.

हे पोटात ठेवायला काय झालं होतं मला? पण पुढच्या रविवारी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काका, तुम्हाला लक्ष ठेवणं जमत नसेल तर आपण दुसऱ्या कोणाला तरी बघू." पोरं माझ्या टोपीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "राखनीत खोट नाय माज्या. माजीच बायको उपटते." एका दमात बोललो. कोणी मारलं नव्हतं, कोणी धमकी दिली नव्हती. खुर्ची जाईल म्हणून बायको दिली.

त्यांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने परत दिल्या असत्या आणि सगळे हसून मोकळे झाले असते. पण मॅडम गोड बाई. म्हणाल्या, "आजींना दोष द्यायचा नाही. त्यांना कोणी कधी समजावूनच सांगितलं नाही." तिला बांधावर आणली, पोरं गोल उभी केली, तिच्या हातात एक रोप दिलं आणि शपथ घ्यायला लावली. मी एकही रोप उपटणार नाही, मी निसर्गाचं संवर्धन करीन, असं काहीतरी. 'संवर्धन' तिच्या तोंडात बसेना, तर तीनदा म्हणायला लावलं. पोरं हसली. प्रेमानेच हसली... पण हसली. ज्या बाईने त्या गाळातून त्यांना बगलेत धरून काढलं होतं, तिला ही पोरं गाळ समजावत होती. चांगुणाने सगळे शब्द म्हटले. म्हणताना ती मॅडमकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

कोणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत गावात घरोघरी पोचलं. बायका नळावर तिला विचारायला लागल्या, "गो चांगुना, संवर्दन झायलं का?" त्या दिवशी घरी आल्यावर ती मला म्हणाली, "खुर्ची घट धरून बसा. पडाल." ते शेवटचं. त्यानंतर खाडीतही उतरली नाही आणि माझ्याशीही बोलली नाही. चहा झाला की मांजराला सांगायची, "त्याला सांग, कप ठेवलाय." जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, कालवणात मीठ बरोबर. काही म्हणजे काही चुकवलं नाही तिने. मला वाटायचं एकदा तरी मीठ जास्त टाक, म्हणजे मला भांडता येईल.

आणि ऐका, रोपांचं काय झालं ते. चांगुणाने हात लावायचं सोडलं, तरी रोपं मेली. भरतीच्या पाण्यात दिवसाचे कितीतरी तास बुडायची, देठांवर पांढरे कालवांसारखे शिंपले चढले, प्लॅस्टिकच्या पिशव्या गुंडाळल्या, माना मोडल्या. पोरांच्या परीक्षा आल्या, तास भरले, रविवार बंद झाले. म्हणजे तिने उपटायचीही गरज नव्हती आणि मी सांगायचीही. दोघांनी गप्प बसून चार महिने काढले असते तर खाडीनेच निकाल लावला असता. मी मात्र रोज जाऊन काड्या राखत होतो. सोडून आलो असतो तर तिच्यापुढे हरल्यासारखं झालं असतं. तिकडे तिचे पाय सुजत गेले. जन्मात कधी मासळी विकत न घेतलेली बाई दारावरच्या कोळणीकडून खुबे घ्यायला लागली. एकेक हातात धरून दाबून बघायची आणि निम्मे परत टोपलीत टाकायची.

बाराव्याला मी लताला विचारलं, "आय माजं काय बोलली होती का?" लता आईवर गेली आहे, आडपडदा नाही. म्हणाली, "मांजराला दोन टाइम दूध घाल म्हणाली होती. तुजं काय नाय बोलली, बाबा."

त्याच आठवड्यात मृण्मयी आली. ती खरंच रडली, तिला मी नावं ठेवणार नाही. म्हणाली, "काका, आम्ही आजींच्या नावाने झाडं लावणार आहोत. त्याच जागी. बोर्ड पण करतोय. त्यांचा एखादा फोटो द्याल?" मी तिला फोटो दिला नाही, रविवारी येतो म्हणालो.

रविवारी गेलो. बोर्ड आणलाच होता, मोबाइलमधल्या त्या शपथेच्या व्हिडिओतून फोटो काढून लावला होता. हातात रोप धरलेली चांगुणा, खाली 'निसर्गमाता'. मॅडमनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी म्हटलं, "या बाईनं तुमची रोपं उपटली आनि बरोबर केलं. या जागी झाड जगत नाय. मला पयल्या दिवसापासून म्हाईत होतं. मी बोललो नाय, कारन तुमी मला खुर्ची दिलेली." मॅडम म्हणाल्या, "काका दुःखात आहेत, आपण समजून घेऊ या." पण मृण्मयी पुढे आली, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि आम्ही त्यांना शपथ घ्यायला लावली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या?"

"वाजवल्या."

"तुम्ही किती घाणेरडे आहात, काका," असं ती म्हणाली. मॅडम तिला ओरडल्या. मी म्हटलं, वरडू नका, तिला बोलू द्या. घरात जिची वाट बघत होतो ती शिवी दुसऱ्याच्या पोरीने दिली, पण ती काही चांगुणाची नव्हे.

बोर्ड मृण्मयीनेच उचलला, उलटा करून बांधावर ठेवला. बरीच पोरं टेम्पोतून परत गेली. सात-आठ राहिली. मी त्यांना बांधाच्या टोकाला नेलं आणि डेब्रिज दाखवलं. विटा, लाद्या, सिमेंटचे गोळे. दुपारपर्यंत हातांनी आणि दोन फावड्यांनी उपसलं. फोटो काढण्यासारखं काही नव्हतं, कोणी काढलेही नाहीत. भरती लागल्यावर हाताच्या पंजाएवढं पाणी आत सरकलं. एका पोराने विचारलं, "काका, आजी खुबे नक्की कुठे काढायच्या? पायाला कसं कळतं?" इतक्या वर्षांत मी एकदाही तिच्याबरोबर खाडीत उतरलो नव्हतो.

घरी मागच्या दाराने आलो. दाराशी एक काळा दगड आहे, खाडीतून आली की त्यावर उभी राहून ती पाय घासायची. तिच्या टाचेने त्यात खळगा पडलाय. शेवटचे आठ महिने तो कोरडाच होता. मी त्यावर पाय ठेवला. माझी टाच मोठी, खळग्यात बसली नाही. मग पाय न धुताच आत गेलो. तिने नुकतीच पुसली असावी अशा त्या लादीवर चिखलाची पावलं उमटवत चुलीपर्यंत गेलो आणि थांबलो.

बराच वेळ थांबलो. शिवी आली नाही.